साठच्या दशकातली मसल कार: आधी पत्रा बघा, मग इंजिन

मिशिगनकर

जुन्या अमेरिकन मसल कारबद्दल इथे सुटे सुटे प्रश्न येत राहतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. म्हणून हा एकच धागा. काळ १९६४ ते १९७२ एवढाच धरू.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, दोन दारांची साधी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. १९६४ मध्ये पाँटिॲकने टेम्पेस्ट ले-मॅन्सवर जीटीओ आणली. या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा नियम होता. जीटीओ वेगळं मॉडेल म्हणून नाही, तर ऑप्शन म्हणून विकली, त्यामुळे तिच्यात ३८९ घनइंचाचं इंजिन बसलं. चार बॅरलच्या (हवेच्या वाटांच्या) एका कार्बोरेटरवर ३२५ हॉर्सपॉवर, दोन बॅरलच्या तीन कार्बोरेटरांवर ३४८. ती ऑप्शन होती, ही गोष्ट आजही विकत घेणाऱ्याला महत्त्वाची आहे. १९६४ आणि ६५ च्या जीटीओचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, साध्या ले-मॅन्ससारखाच असतो, ६५ ला २३७ ने सुरू होणारा. १९६६ पासून २४२.

हॉर्सपॉवरच्या आकड्यांबद्दल एक सावधगिरी. १९७१ पर्यंतचे आकडे बहुतेक ग्रॉस आहेत, म्हणजे नुसतं इंजिन टेस्ट बेंचवर, एअर क्लीनर आणि सायलेन्सरशिवाय. १९७२ पासून नेट, म्हणजे गाडीत असतं तसं. त्यात १९७१ ला जनरल मोटर्सने कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशनही उतरवलं. तेव्हा ७० आणि ७२ ची गाडी नुसत्या आकड्यांवरून तोलू नका.

आता मुद्द्याचं. विकणारा बॉनेट उघडून दाखवतो. क्रोमची झाकणं, नव्या वायरी, पुसलेलं इंजिन. तिकडे शेवटी बघा. शेवरले ३५० चा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो आणि कुठलंही बरं मशीन शॉप ब्लॉक बोअर करून देतं. सडलेली बॉडी मात्र महिनोन्‌महिने खाते.

मस्टँग (१९६४ ते ६८): सगळ्यात आधी काउल, म्हणजे पुढची काच आणि बॉनेट यांच्यामधली जाळीची पट्टी. कारपेट उचला, खाली कोरडं आहे ना ते हात लावून बघा. मग दोन्ही टोकांच्या जाळीत दोन-दोन लिटर पाणी सावकाश ओता. पाणी फेंडरच्या मागून जमिनीवर पडलं तर ठीक. आत पायाशी थेंब आले, तर हवेच्या भोकांभोवतीची उभी कड सडली आहे. ही दुरुस्ती वरवरची नाही. फेंडर काढायचे, बहुधा काचही काढायची, काउलचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिल करायचे, पत्रा बदलायचा, परत वेल्ड. वरून सीलंट थापलेलं दिसलं तर गळती होती हे नक्की समजा. मस्टँगला वेगळी चासी नाही, त्यामुळे पुढच्या फ्रेम रेल, टॉर्क बॉक्स आणि शॉक टॉवर यांनाच सगळा भार. शॉक टॉवरला तडा आहे का, ते टॉर्च मारून बघा.

शेवेल, जीटीओ, कटलास: मागच्या काचेच्या खालची पन्हळ बघा. क्रोमपट्टीखाली पाणी साचतं, तिथे भोक पडतं आणि पाणी डिकीत उतरतं. व्हिनाइलचं छत असेल तर जास्त शंका घ्या, कारण कापडाखाली ओल राहते. डिकीतली चटई उचला, दोन्ही कडांचे खळगे बघा. यांना खाली फ्रेम आहे, तेव्हा मागच्या ॲक्सलवरची कमान आणि बॉडी माउंटभोवतीचा पत्रा हातोडीने हलके ठोकून बघा. खणखणीत आवाज हवा. बदबद आला तर आतून पत्रा गेलेला.

प्लिमथ आणि डॉज: पुढे स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत. त्यांची मागची टोकं फरशीखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकलेली असतात. तो क्रॉसमेंबर गंजला की टोक पत्रा फाडून निघतं आणि गाडीचं नाक खाली बसतं. ही एक जागा न बघता पैसे देऊ नका.

लांबी, म्हणजे गंजावर थापलेली पुट्टी, ओळखायला फ्रिजवरचं कमजोर चुंबक फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानीच्या खालच्या कडेवरून फिरवा. जोरदार चुंबक पातळ लांबीवरूनही चिकटतं, म्हणून कमजोरच हवं. पेंट गेज असेल तर कारखान्यातला रंग साधारण ४ ते ६ मिल (इंचाचा हजारावा भाग) दाखवतो. एकाच पॅनलवर आकडा अचानक २०-३० वर गेला, तर आत लांबी आहे.

जर्सीवाली

उत्तम सुरुवात. 'नंबर जुळतात', म्हणजे गाडीत मूळ इंजिनच आहे, हा शब्द जाहिरातीत फार सैल वापरतात, म्हणून त्याबद्दल लिहिते.

व्हिनमधून काय कळतं हे कंपनीगणिक बदलतं. फोर्डमध्ये पाचवं अक्षर इंजिनाचं. मस्टँगला सी म्हणजे २८९ दोन बॅरल, ए म्हणजे चार बॅरल, के म्हणजे २७१ हॉर्सपॉवरची हाय परफॉर्मन्स. प्लिमथ-डॉजमध्येही पाचवं अक्षर, पण अर्थ वर्षागणिक फिरतो: १९६८-६९ मध्ये ४२६ हेमीला जे, १९७०-७१ मध्ये आर. शेवरलेमध्ये पंचाईत आहे. शेवेल एसएस ३९६ ला १९६६ ते ६८ मध्ये स्वतःची १३८ ही मालिका होती. १९६९ पासून एसएस ऑप्शन झाली आणि व्हिन साध्या मालिबूसारखा १३६. म्हणजे १९७० ची शेवेल एसएस नुसत्या व्हिनवरून सिद्ध करता येत नाही. बॅज, बॉनेट, पट्टे हे सगळं बाजारात मिळतं.

मग कागद लागतो. बिल्ड शीट, म्हणजे गाडी बनवताना कारखान्यात वापरलेला कागद, कधी पेट्रोलच्या टाकीच्या वर, कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगांत अडकलेली सापडते. पाँटिॲकसाठी पीएचएस (पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस), १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, या दोन्ही मूळ नोंदींवरून बनतात. कॅनडात विकल्या गेलेल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांची माहितीही मिळते.

इंजिनावर दोन जागा बघायच्या. स्मॉल ब्लॉक शेवरलेचा कास्टिंग नंबर मागे, चालकाच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या कडेवर असतो. ३९७००१० हा ३५० चा सर्वांत परिचित. पण तो १९६९ पासून पुढे दहा-एक वर्षं चालला, त्यामुळे एकट्याने काही सिद्ध होत नाही. कास्टिंगची तारीखही बघा: 'सी १४ ९' म्हणजे १४ मार्च, ९ ने संपणारं वर्ष. ब्लॉक गाडीच्या आधी ओतलेला असायला हवा. तारीख गाडीनंतरची असली की प्रश्नच मिटला.

दुसरी जागा पुढे, प्रवाशाच्या बाजूच्या हेडसमोरचा सपाट पॅड. तिथे इंजिनाचा कोड असतो आणि १९६८ पासून व्हिनचे शेवटचे आकडे. पॅड कार्ब क्लीनरने पुसा, लोखंडी ब्रश लावू नका. टॉर्च आडवा धरा. कारखान्यात पॅड तासताना (ब्रोचिंग) पडलेल्या बारीक समांतर रेघा पुढून मागे जाताना दिसायला हव्यात. पॅड आरशासारखा गुळगुळीत असेल किंवा रेघा आडव्या-गोल असतील, तर ब्लॉक घासला गेला आहे आणि आकडे नंतर ठोकलेले असू शकतात. इंजिनाचं काम करताना डेक (ब्लॉकचा हेडखालचा सपाट पृष्ठभाग) घासणं ही प्रामाणिक गोष्टही असते, पण मग मूळ इंजिनाची किंमत मागू नये.

फीलर_गेज

दोन्ही पोस्ट छापून गाडी बघायला न्याव्यात अशा आहेत. मी ब्रेकचं सांगतो. ४०० हॉर्सपॉवरची गाडी आणि चारही चाकांना ड्रम, हे त्या काळी सर्रास होतं.

१९६६ पर्यंत बहुतेक गाड्यांना मास्टर सिलिंडरचा एकच कप्पा होता. एक रबरी होज फुटला की पेडल तळाला आणि चारही चाकांचे ब्रेक गायब. १९६७ च्या मॉडेलांपासून दोन कप्पे आले. १९६६ किंवा आधीची गाडी असेल तर पहिला खर्च इथेच. नुसता सिलिंडर बदलून भागत नाही, पुढची आणि मागची लाइन ब्लॉकपाशी वेगळी करावी लागते. बसवण्याआधी सिलिंडर व्हाइसमध्ये धरून बेंचवर हवा काढा. ही पायरी गाळली तर गाडीवर कितीही पंप मारा, पेडल स्पंजासारखंच राहतं.

पुढे डिस्क बसवताना तीन चुका होतात. पहिली: ड्रमचा मास्टर सिलिंडर तसाच ठेवतात. त्यात ड्रमसाठी साधारण १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा) असतो. तो डिस्कच्या लाइनवर राहिला तर पॅड सुटत नाहीत. दुसरी: प्रमाण साधणारा व्हॉल्व्ह लावत नाहीत, मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि शेपूट फिरतं. तिसरी सगळ्यात फसवी: बूस्टरचा पुशरॉड केसभर लांब राहतो. मग पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल परत जायचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. गाडी थंड असताना सगळं ठीक. दहा मैलांनी पेडल कडक होतं, चाकं ओढायला लागतात, मग धूर. अशा वेळी मास्टर सिलिंडरचे दोन नट एक-दीड आटा सैल करा. चाकं सुटली तर दोष पुशरॉडचा. नाही सुटली तर त्या चाकाचा रबरी होज बदला, आतून फुगून त्याने वाट अडवली आहे.

बूस्टरला आयडलवर १६ ते १८ इंच व्हॅक्यूम हवा. मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकून व्हॅक्यूम १० वर आला की पेडल दगडासारखं होतं. कॅम निवडतानाच हे लक्षात घ्या.

तळेगावकर

सगळ्यांचे आभार. एक प्रश्न. १९६८ ची रोडरनर, ३८३. सेल्फ मारताना इंजिन लगेच पेटतं, पण चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पेट्रोल येतंय, पॉइंट नवे आहेत. काय असेल?

ॲरिझोनाकर

@तळेगावकर, बॅलास्ट रेझिस्टर. फायरवॉलवर पांढरा चिनीमातीचा बोटाएवढा तुकडा असतो, तो.

सेल्फ मारताना बॅटरीचा दाब पडतो, म्हणून तेव्हा कॉइलला थेट बॅटरीचा करंट मिळतो. चावी सोडली की तोच करंट बॅलास्टमधून जातो, म्हणजे कॉइल आणि पॉइंट जळत नाहीत. बॅलास्ट तुटला की दुसरी वाट बंद आणि इंजिन मेलं. इग्निशन बंद करून, दोन्ही वायरी काढून मीटर लावा. सर्किट तुटलेलं दिसलं तर नवा टाका आणि एक जास्तीचा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. खात्रीसाठी दोन टोकं वायरीने जोडून मिनिटभर चालवून बघता येईल, पण तसंच चालवू नका, पॉइंट काळे पडतील. बॅलास्ट शाबूत निघाला तर चावीच्या स्विचची 'रन'ची बाजू तपासा.

फायरवॉलपाशी आहातच, तर बल्कहेड कनेक्टरही उघडा. बॅटरीचं निगेटिव्ह काढूनच. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट त्या प्लास्टिकच्या कनेक्टरमधून आत ॲमीटरला जातो आणि परत बाहेर येतो. पन्नास वर्षांत टर्मिनल सैल होतात, तापतात. जाड लाल आणि काळ्या वायरीभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालंय का, वितळून खड्डा पडलाय का ते बघा. पडला असेल तर तिथे फवारा मारून भागणार नाही. अल्टरनेटरपासून स्टार्टर रिलेपर्यंत १० गेजची स्वतंत्र वायर टाका, तिच्यात १४ गेजची फ्युझिबल लिंक. मोठा अल्टरनेटर आणि नवे हेडलाइट लावून जुनी वायरिंग तशीच ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

निळा_धूर

टायमिंगबद्दल, म्हणजे ठिणगी कधी पडते याबद्दल, कोणीच लिहिलं नाही. 'जुनी गाडी आहे, तापणारच' असं म्हणतात, ते चूक आहे.

आधी खूण खरी आहे का बघा. क्रँकच्या पुलीमागच्या बॅलन्सरमध्ये आतलं आणि बाहेरचं कडं रबराने चिकटवलेलं असतं. रबर म्हातारं झालं की बाहेरचं कडं सरकतं आणि त्यावरची खूण खोटी होते. मग कितीही महागडा टायमिंग लाइट लावा, उत्तर चुकीचं. तपासायला सगळे प्लग काढा आणि एक नंबरच्या सिलिंडरमध्ये पिस्टन स्टॉप घाला. क्रँक लांब पान्याने हाताने फिरवा, सेल्फ अजिबात नको, पिस्टनला भोक पडेल. स्टॉपला टेकल्यावर खूण करा, उलट फिरवून परत टेकल्यावर दुसरी खूण. दोन्हींच्या बरोब्बर मध्ये टॉप डेड सेंटर. जुनी खूण तिथे नसेल तर बॅलन्सर बदला.

मग स्मॉल ब्लॉक शेवरलेसाठी: डिस्ट्रिब्युटरच्या डबीची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, ३,००० आरपीएमच्या आसपास ॲडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते तो कोन) वाढायचा थांबतो, तिथे एकूण ३४ ते ३६ अंश. डिस्ट्रिब्युटरमधली वजनं २४ अंश देत असतील तर आयडलवर १० ते १२ येतील. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंश, प्लग गॅप ०.०३५ इंच. ड्वेल आधी, टायमिंग नंतर. उलट केलं तर पॉइंटला हात लावताच टायमिंग परत हलतं.

व्हॅक्यूमची नळी थेट मॅनिफोल्डला जोडावी असं माझं ठाम मत आहे. आयडलवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, सावकाश जळतं. ठिणगी लवकर पडली नाही तर ते एक्झॉस्टमध्येही जळत राहतं आणि सगळी उष्णता हेडमध्ये उतरते.

फीलर_गेज

@निळा_धूर, तितकंसं सरसकट नाही. कॅम मोठा असला की आयडलवर व्हॅक्यूम कमी आणि सारखा हलता. तिथे डिस्ट्रिब्युटरवरच्या व्हॅक्यूमच्या डबीचं पोट आत-बाहेर करतं आणि आयडल डुलायला लागतं. त्या व्हॅक्यूमवर पूर्ण ओढून राहणारी डबी निवडली तरच मॅनिफोल्ड. नाहीतर कार्बोरेटरच्या पोर्टवरच बरं.

आणि गाडी कधी तापते ते आधी विचारा. सिग्नलवर तापते, हायवेवर उतरते: मग हवा कमी पडतेय. श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) नाही, किंवा पंखा चुकीच्या जागी. पंख्याची पाती अर्धी श्राउडच्या आत, अर्धी बाहेर हवीत. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर आतून तुंबलाय किंवा खालचा होज चपटा होतोय. आरपीएम वाढवून खालच्या होजकडे बघा. पंपाच्या ओढीने तो मिटत असेल तर आतली स्प्रिंग गायब आहे.

निळा_धूर

डबीचा मुद्दा मान्य. मी साध्या, कंपनीच्या कॅमसाठी लिहिलं होतं.

वायरी लावताना होणारी चूकही सांगतो. शेवरले १-८-४-३-६-५-७-२, रोटर घड्याळाच्या दिशेने, १-३-५-७ चालकाच्या बाजूला. फोर्ड २८९ ला १-५-४-२-६-३-७-८, रोटर उलट दिशेने, १ ते ४ प्रवाशाच्या बाजूला. सवयीने एकाचं दुसऱ्याला लावलं की कार्बोरेटरमधून भडका. शेवरलेत ५ आणि ७ शेजारी आहेत आणि पाठोपाठ पेटतात. त्या दोन वायरी चिकटून समांतर नेऊ नका, एकीची ठिणगी दुसरीत उतरते आणि गाडी मिसिंग करते.

जर्सीवाली

नवा कॅम टाकणाऱ्यांसाठी. त्या काळची इंजिनं फ्लॅट टॅपेटची, म्हणजे टॅपेटचं बूड कॅमवर थेट घासतं. आजच्या सर्वसाधारण ऑइलमध्ये झिंक-फॉस्फरस कमी असतं. जुन्या गाड्यांसाठीचं, सुमारे १,२०० पीपीएम झिंक असलेलं ऑइल घाला.

पहिल्या वीस मिनिटांत कॅम जगतो किंवा मरतो. लोबांवर (कॅमच्या उंचवट्यांवर) आणि टॅपेटच्या बुडाला मॉलिब्डेनमची पेस्ट लावा. ऑइल पंप ड्रिलने फिरवून गॅलरी भरून घ्या. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आधीच ओता, टायमिंग जागेवर ठेवा, म्हणजे सेल्फ मारत बसावं लागणार नाही. पेटताक्षणी २,००० ते २,५०० आरपीएम, मागे-पुढे करत २० ते ३० मिनिटं. आयडलवर सोडू नका, कारण लोबांवर ऑइल उडतं ते क्रँकच्या फिरण्याने. दुहेरी स्प्रिंग असेल तर आतली त्यावेळी काढून ठेवा. नंतर ऑइल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून घडी उलगडून बघा. चमचमता चुरा दिसला तर थांबा, लोब गोल झालाय.

तळेगावकर

बॅलास्टच होता, मीटरवर सर्किट तुटलेलं दिसलं. ॲरिझोनाकर, मनापासून आभार. कनेक्टरमध्ये लाल वायरीपाशी प्लास्टिक तपकिरी आहे, वायर टाकतोच.

आणखी दोन शंका. ३५० ला ७५० सीएफएमचा (मिनिटाला इतके घनफूट हवा सोडणारा) कार्बोरेटर सुचवतात, तो योग्य का? आणि मागचा ४.१० चा गिअर रोज चालवायला कसा?

मिशिगनकर

हिशेब सोपा आहे. घनइंच गुणिले आरपीएम, भागिले ३,४५६. ३५० ला ५,५०० आरपीएमवर ५५७ येतात, आणि साधं इंजिन त्याच्या ८५ टक्के हवा घेतं, म्हणजे ४७४. तेव्हा ६०० भरपूर झाला. मोठ्या कार्बोरेटरमधून हवा मंद जाते, जेट पेट्रोल नीट ओढत नाही आणि खालचा पिकअप मरतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांतला क्वाड्राजेट कार्बोरेटर ७५० चा असूनही चालतो, कारण त्याच्या पुढच्या बॅरल लहान, १ पूर्णांक ३/८ इंचाच्या, आणि मागच्या मोठ्या बॅरलांवरची झडप हवेच्या ओढीनुसार उघडते.

हॉली कार्बोरेटरवर पाय दाबताच गाडी अडखळली तर आधी पंप बघा. थ्रॉटल पूर्ण उघडून पंपाचा दांडा आणखी ०.०१५ इंच दबला पाहिजे. आणि थ्रॉटल हलताच, त्याच क्षणी, धार दिसली पाहिजे. पेट्रोलचा दाब ७ पीएसआयच्या वर नको, सुई दाबाने उघडी राहते आणि बाउल ओसंडतो.

गिअरसाठी: मैल गुणिले रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास इंचात. २६ इंची टायर, ताशी ६५ मैल, ४.१० म्हणजे ३,४४४ आरपीएम. ३.३१ ला २,७८०. हायवे रोजचा असेल तर ३.३१ घ्या. ४.१० चा सिग्नलवरचा जोर सोडवत नसेल तर ०.६८ पाचव्या गिअरचा बॉक्स बसवा, तेच ३,४४४ मग २,३४२ वर येतात. मात्र मूळ मन्सी किंवा ए-८३३ चार गिअरचा बॉक्स विकू नका, ग्रीस लावून फडताळात ठेवा.

ॲरिझोनाकर

क्वाड्राजेटचा विषय निघालाय म्हणून. गाडी चार दिवस उभी राहिली की बाउल रिकामा आणि इनटेकवर पेट्रोलचा वास, ही तक्रार नेहमीची. कारण कार्बोरेटरच्या बुडाशी असलेले विहिरींचे प्लग. कार्बोरेटर काढा, खालची थ्रॉटल बॉडी सोडवा, बाउलमध्ये पेट्रोल भरून मोकळ्या हवेत कोऱ्या कागदावर ठेवा, ठिणगीपासून लांब. तासाभरात प्लगखाली ओला डाग पडला तर तोच दोषी. पूर्ण वाळवा, घासून स्वच्छ करा, पेट्रोल सोसणारं इपॉक्सी पातळ लावा, २४ तास सुकू द्या.

फ्लोट त्याच वेळी वजन करून बघा. काळा, फोमसारखा असतो, वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन जड होतो आणि लेव्हल वर जाते. जड भरला तर नवाच टाका. आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या काढून ३०आर९ छापाच्या लावा. इथेनॉलमुळे जुन्या नळ्या आतून सुटतात. फिल्टरमध्ये काळे कण दिसले तर ते टाकीतले नसतात, नळीचे असतात.